गगनबावड्याने बांध कोरला

‘कळंब्याला असतो’ असं कोल्हापुरात कुणाला सांगितलं की समोरचा आधी पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतो आणि मग विचारतो, “आत का बाहेर?” मध्यवर्ती कारागृहाने आमच्या गावाचं नाव राज्यभर पोचवलंय, त्याला इलाज नाही. बाहेरच्या कळंब्यात तलाव आहे, आयटीआय आहे, कात्यायनीकडे जाणारा रस्ता आहे आणि उरलेल्या जागेत प्लॉट आहेत. काल ऊस डुलत होता तिथं आज चुन्याच्या रेघा असतात आणि परवा कमान. त्यामुळे इथं दोन माणसं भेटली की पाऊसपाण्याच्या आधी गुंठ्याचा दर निघतो.

अशा गावात राहून मी मेमरीचं काम करतो. सी भाषेतल्या जुन्या प्रोग्रामांत मेमरी कुठे गळते, कोण कुणाच्या जागेत हात घालतं, हे घरबसल्या हुडकून द्यायचं. सोसायटीत हे कळल्यापासून दर रविवारी तीन-चार जण मोबाईल घेऊन येतात आणि “मेमरी भरलीया, जरा बघा की” म्हणून सकाळच्या गुलाबांचे आणि सुविचारांचे चार हजार फोटो माझ्यासमोर धरतात. मी तेही पुसून देतो. शेजारधर्म आहे.

माझं काम एकाच माणसाला पहिल्या फटक्यात कळलं. खालच्या मजल्यावरचे अण्णा. निवृत्त तलाठी. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण अण्णा ते नाव फक्त लग्नपत्रिकेवर घालू देतात. मी त्यांना सांगत होतो, की प्रोग्रामला जागा लागली की तो ‘मॅलॉक’ नावाच्या फंक्शनकडे मागतो, मॅलॉक जागा पाडून पत्ता हातात देतो, आणि काम झालं की ‘फ्री’ म्हणून ती परत करायची. अण्णांनी तंबाखूची डबी बंद केली आणि विचारलं, “नोंद कोण ठेवतंय?”

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात साठ पोरांच्या वर्गात हा प्रश्न कुणीही विचारत नाही.

तर नोंदीची गोष्ट अशी. ऑपरेटिंग सिस्टीम ठोकबाज आहे. ती जागा पानांनी देते, बहुतेक कॉम्प्युटरवर ४०९६ बाइटचं एक पान. किरकोळीत ती बोलतच नाही. प्रोग्रामला मात्र कधी २० बाइट हवे असतात, कधी ५०. म्हणून मधे एक लायब्ररी बसते. ती सरकारकडून एकराने घेते आणि गुंठ्याने पाडून देते. लिनक्सवर हे काम जीलिबसीकडे आहे. आता ही लायब्ररी गिऱ्हाइकाची नोंद वेगळ्या दप्तरात ठेवत असेल असं कुणालाही वाटेल. तसं नाही. नोंद त्या गटाच्या बांधावरच असते. तुमच्या जागेच्या ऐन सुरुवातीला ८ बाइट राखून त्यात गटाचं क्षेत्र लिहिलेलं असतं, आणि त्याच आकड्याच्या एका कोपऱ्यात मागचा गट भरलेला आहे की मोकळा, त्याची खूण. बांधावर खूण ठेवायची ही कल्पना डोनाल्ड नूथ यांची, १९६२ सालची. पुढे १९८७ पासून डग ली नावाच्या प्राध्यापकाने तिच्यावर आपला अ‍ॅलोकेटर उभा केला, वोल्फ्राम ग्लोगर यांनी तो वाढवला आणि तो जीलिबसीत आला. आज जगातले अगणित सर्व्हर या बांधावरच्या खुणांवर चालतात.

“बांधावरच सातबारा?” अण्णा म्हणाले. “मग जो बांध कोरंल त्यो सातबाराबी नांगरंल की.”

नांगरतो. तेच तर माझं पोट भरतं.

परवाचीच केस घ्या. एका कंपनीचा प्रोग्राम माझ्याकडे आला. काम साधं: जिल्ह्यातल्या बारा तालुक्यांची नावं मेमरीत घ्यायची, त्यांचे आकडे जोडायचे, अहवाल छापायचा आणि जागा परत करायची. इंग्रजीत तो वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला. मग कुणीतरी म्हणालं की अहवाल मराठीत पाहिजे. नावं मराठीत भरली, प्रोग्राम चालवला. अहवाल सुंदर छापून आला. आणि सगळं काम संपल्यावर, शेवटच्या आवराआवरीत, जागा परत करताना प्रोग्राम धाडकन पडला. तक्रार गडहिंग्लजवर होती: फ्री, इनव्हॅलिड पॉइंटर. म्हणजे परत करायला आणलेला पत्ताच खोटा आहे म्हणे. कंपनीतल्या दोघांनी गडहिंग्लजच्या आकड्यांची उलटतपासणी केली होती. एकाने तर ‘गडहिंग्लज’ हे नाव काढून टाकून बघितलं. मग चंदगडवर पडला.

मूळ लिहिणाऱ्याने प्रत्येक नावाला २० बाइट मागितले होते. इंग्रजीत हातकणंगले कितीही ओढून लिहिलं तरी १२ च्या पुढे जात नाही, त्यामुळे माणूस चुकला असं म्हणवत नाही. पण यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. काना वेगळा, वेलांटी वेगळी, अनुस्वार वेगळा, जोडाक्षर बांधणारा हलन्तही वेगळा, आणि प्रत्येकाचे तीन-तीन. वर नाव संपलं हे सांगायला शेवटी एक शून्य. ‘कळंबा’ १६ बाइटांत बसतो. ‘कोल्हापूर’ला २८ लागतात. आम्ही हद्दवाढीला इतकी वर्षं का विरोध करतोय, याचा हा नवा पुरावा मी जपून ठेवलाय.

अण्णांनी पाठकोरा कागद घेतला आणि मी तीन-तीनचा हिशोब घातला. आजरा, करवीर, कागल, चंदगड, शिरोळ आरामात बसले. भुदरगड १९ वर, एका बाइटाची फट ठेवून आत. पन्हाळ्याला २२ लागले. शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा २५. हातकणंगले आणि गडहिंग्लज २८. बारातले सहा तालुके हद्दीबाहेर.

“मग पन्हाळ्यावर तक्रार कशी न्हाई?” अण्णांचं बोट पन्हाळ्यावर.

कारण मॅलॉक मापात नेमका नसतो. २० मागितले की तो ३२ चा गट पाडतो; ८ नोंदीला, २४ वापराला. पन्हाळ्याने दोन बाइट जास्त नांगरले, पण ते पडीकात गेले, कुणाला लागले नाहीत. पन्हाळ्यावरून सहीसलामत निसटायची परंपरा १६६० पासूनची आहे.

गगनबावड्याचं मात्र २५. चोवीस स्वतःचे, आणि पंचविसावा बाइट, तो शेवटचा शून्य, थेट शेजाऱ्याच्या बांधावर. तिथं शेजाऱ्याचं क्षेत्र लिहिलेलं असतं. ३२ होतं, ते झालं शून्य. नावं मेमरीत वर्णानुक्रमे बसवली होती, त्यामुळे शेजारी कोण, तर गडहिंग्लज.

“आरं पर गगनबावड्याची आन् गडहिंग्लजची शीव लागतीयच कुठं?” अण्णा कागदावरून वर बघत म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. मधे राधानगरी, भुदरगड असा सगळा डोंगरमुलूख पसरलाय. भूगोलाने लांब ठेवलेल्यांना बाराखडीने मांडीला मांडी लावून बसवलं होतं. गंमत म्हणजे गडहिंग्लजही काही गरीब गाय नव्हतं. त्याने आपला अख्खा ‘ज’ आणि शून्य असे चार बाइट चंदगडच्या बांधात घातले होते. ‘ज’चे तीन बाइट आकडा म्हणून वाचले तर १ कोटी २ लाख ६५ हजार ८२४ होतात. म्हणजे चंदगडच्या सातबाऱ्यावर ३२ बाइटांच्या जागी एक कोटीच्या वर क्षेत्र चढलेलं, आणि चंदगडला पत्ता नाही.

नावं भरताना, आकडे जोडताना, अहवाल छापताना यातलं काहीच उघडकीला येत नाही, कारण त्या वेळी बांधावरचा आकडा कुणी वाचतच नाही. तो वाचला जातो जागा परत करताना. गडहिंग्लज आपला गट परत द्यायला कचेरीत गेलं, तिथं क्षेत्र शून्य निघालं, म्हणून कारकुनाने पत्ताच खोटा ठरवला आणि प्रोग्राम तिथंच मारून टाकला. गगनबावडा त्याच्या आधीच आपली जागा परत करून, पोच घेऊन, घरी गेलं होतं.

मला वाटलं अण्णांना हा अन्याय वाटेल. त्यांना ती नोकरी वाटली.

“भांडण कधी बांधावर होत नसतंय,” ते म्हणाले. “बांध कोरत्यात जूनमधी. भांडण होतंय मे महिन्यात, पोरीच्या लग्नात, मानपानावरनं. तलाठ्यानं मानपानाचं ऐकून घ्यायचं आन् गुमान जाऊन बांध बघायचा.”

मेमरीच्या बगांवर मी बरीच जाडजूड पुस्तकं वाचलीत. त्यांच्यातही शेवटी हेच आहे. दोष होतो एका जागी, दिसतो दुसऱ्या जागी, आणि मधे कोट्यवधी सूचना उलटून गेलेल्या असतात. त्यामुळे या धंद्यातल्या सगळ्या हत्यारांचा हेतू एकच, की भांडण मे महिन्यापर्यंत न थांबता त्याच दिवशी, त्याच बांधावर व्हावं.

पहिलं हत्यार ऐकून अण्णा खूश झाले, कारण ते आजऱ्याच्या शेतकऱ्यांनी आधीच लावलेलं आहे. ब्रूस पेरेन्स यांनी १९८७ मध्ये पिक्सारमध्ये असताना ‘इलेक्ट्रिक फेन्स’ लिहिलं. नावाप्रमाणे झटक्याचं कुंपण. तुमचा गट असा बसवायचा की त्याचा शेवट पानाच्या कडेला टेकेल, आणि पुढचं अख्खं पान ऑपरेटिंग सिस्टीमला सांगून बंद करून टाकायचं. एक बाइट पुढे पाऊल पडलं की तिथल्या तिथे झटका. लिनक्स त्याला सेगमेंटेशन फॉल्ट म्हणतं. आजऱ्या-चंदगडात हत्तीला आणि गव्याला सौर कुंपण झटका देतं, तसाच, फक्त इथं पाहुणा मरतो. खोट एवढीच की २० बाइटांच्या गटाला हजारो बाइटांचं कुंपण लागतं. मळ्यापेक्षा तार जास्त.

मायक्रोसॉफ्टने स्वस्तातली युक्ती केली. त्यांच्या तपासणीच्या लायब्ररीत प्रत्येक गटाच्या दोन्ही बाजूंना चार-चार बाइटची मोकळी पट्टी सोडतात, तीत ठरलेला शिक्का भरतात आणि परतीच्या वेळी शिक्का मोडलाय का बघतात. त्या पट्टीचं नाव ‘नो मॅन्स लँड’. इथं अण्णांनी मला थांबवलं.

“कुणाचीच न्हाई अशी जमीनच नसतीया. जी कुणाची न्हाई ती सरकारची. कायद्यात हाय.”

मी म्हणालो, अण्णा, अमेरिकेतली पट्टी आहे. ते म्हणाले, असू दे.

त्याच कंपनीच्या विंडोजमध्ये, तपासणी चालू असताना, नव्याने दिलेल्या पण अजून कुणी न पेरलेल्या जागेत एक ठरावीक आकडा भरून ठेवत. सोळा आधाराच्या पद्धतीत तो लिहिला आणि शून्यांना इंग्रजी ‘ओ’ समजून वाचलं की ‘बॅड फूड’ असं दिसे. मध्यरात्री पडद्यावर ‘बॅड फूड’ दिसलं की समजायचं, कुणीतरी पेरणी न करताच कापणीला गेलंय.

खरा मोजणीदार आला २००२ मध्ये. ज्युलियन सीवर्ड यांचं ‘वॅलग्रिंड’. नाव नॉर्स पुराणातल्या स्वर्गाच्या दरवाजाचं आहे. उच्चार करताना सगळे चुकतात आणि दुरुस्त करणारा एक तरी जण खोलीत असतोच. हा प्रोग्राम तुमच्या प्रोग्रामला स्वतःच्या देखरेखीखाली चालवतो आणि प्रत्येक वाचन, प्रत्येक लेखन हद्दीशी ताडून बघतो. आमच्या तालुक्यांवर सोडल्याबरोबर त्याने पन्हाळाही पकडला. ‘२० बाइटांच्या गटानंतर ० बाइटांवर अवैध लेखन.’ कुणाला लागलं नाही, पडीकात गेलं, वगैरे त्याला सांगून उपयोग नाही. बाकीचे पाचही ओळीने. कोणत्या ओळीत गट पाडला, कोणत्या ओळीत बांध कोरला, सगळं पंचनाम्यासारखं. दुरुस्तीला एक मिनिट लागलं. २० च्या जागी नावाची लांबी मोजून तेवढी अधिक एक जागा मागायची. बिल मी तासावर लावतो, त्यामुळे हे वाक्य इथंच सोडतो.

वॅलग्रिंडखाली प्रोग्राम वीस-तीस पट सावकाश चालतो. आणि त्याहून वाईट म्हणजे देखरेखीखाली चालवल्यावर काही बग दिसेनासेच होतात. गट वेगळ्या जागी पडतात, वेळा बदलतात, आणि काल दहा वेळा पडलेला प्रोग्राम आज सज्जनासारखा वागतो. अण्णांना याचं काही नवल वाटलं नाही. मोजणीची तारीख लागली की आदल्या रात्री बांध सरळ होतो, हे त्यांनी चौतीस वर्षं पाहिलंय.

वॅलग्रिंड गळतीचाही हिशोब देतो. मागितलेली आणि कधीच परत न केलेली जागा, ती चार वर्गांत. अण्णांनी हे वर्ग ऐकले आणि वारसनोंदीचं रजिस्टर उघडल्यासारखे सरसावून बसले. ‘स्टिल रीचेबल’: वारस मुंबईत आहे, फोन लागतो, फक्त येत नाही. ‘डेफिनिटली लॉस्ट’: पत्ताच नाही, चिठ्ठीसुद्धा नाही. ‘पॉसिबली लॉस्ट’: एक पत्ता आहे, पण तो घराचा नाही, परसातल्या कुठल्यातरी कोपऱ्याचा. ‘इनडायरेक्टली लॉस्ट’ समजावायला मला भीती वाटत होती, पण तो त्यांनी मला समजावला. धाकट्याचा पत्ता थोरल्याकडं होता, आन् थोरलाच गावंना.

वॅलग्रिंडच्या आधी ‘प्युरिफाय’ नावाचं एक हत्यार विकत मिळायचं. ते १९९१ च्या सुमारास बाजारात आणणाऱ्या रीड हेस्टिंग्ज यांनी त्या धंद्यातून निघून पुढे नेटफ्लिक्स काढलं. आमच्या सोसायटीत रात्री एक वाजेपर्यंत ज्या मालिकांचे आवाज येतात, त्यांच्या मुळाशी मेमरीची गळती आहे.

मोजणीदाराचं ऐकून कसा घात होतो त्याचीही एक गोष्ट आहे. ओपनएसएसएल ही लायब्ररी गुप्त किल्ल्या तयार करते आणि त्यासाठी तिला बेभरवशाचे, कुणाला ओळखता न येणारे आकडे लागतात. २००६ मध्ये डेबियन लिनक्सच्या माणसांना वॅलग्रिंडने तक्रार दिली की इथं न पेरलेल्या जागेतलं पीक वापरलं जातंय. तक्रार खरी होती. त्या कोडमध्ये एकसारख्या दिसणाऱ्या दोन ओळी होत्या. एक ओळ खरंच पडीकातला कचरा उचलून मिसळत होती, मुद्दाम. दुसऱ्या ओळीतून सगळा खरा बेभरवसा आत येत होता. दोन्ही काढल्या. तक्रार मिटली. उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, तो जास्तीत जास्त ३२,७६८. म्हणजे जवळजवळ दोन वर्षं डेबियन आणि त्यावरून बनलेल्या उबुंटूवर तयार झालेल्या ‘अभेद्य’ किल्ल्या मोजून तेवढ्याच प्रकारच्या होत्या. एका दुपारीत सगळ्या लावून बघता येतील इतक्या. मे २००८ मध्ये लुसियानो बेल्लो यांनी हे हुडकलं आणि जगभरच्या लोकांनी रात्रीत कुलपं बदलली.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पडीक दिसतंय म्हणून नोंद काढली, आन् खाली गावाची हीर.”

मला मात्र सगळ्यात जास्त अप्रूप लिनक्सच्या दानतीचं आहे. १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर चार प्रोग्रामांनी प्रत्येकी १० जीबी मागितले, तर लिनक्स चौघांनाही हो म्हणतं. चौघांच्या हातात पत्ते. जमीन मात्र कुणालाच दिलेली नसते. पत्त्यावर जाऊन जो पहिलं पाऊल टाकेल त्याला त्या क्षणी, त्या एका पानापुरती, खरी रॅम मिळते. बहुतेक प्रोग्राम मागतात भरमसाट आणि वापरतात मूठभर, त्यामुळे ही थाप वर्षानुवर्षं खपून जाते. विंडोज याबाबतीत कद्रू आहे: रॅम आणि डिस्कवरची पेजफाइल मिळून जेवढं तारण, तेवढंच वचन. आमच्या भागात एकच प्लॉट तिघांना विकल्याच्या हकिकती चहाच्या टपरीवर मिळतात. मी अण्णांना म्हणालो की लिनक्स ते उघडपणे करतं आणि त्याला ओव्हरकमिट म्हणतं.

“आन् तिघं एकदम कुदळ घिऊन आली तर?”

तर एक गृहस्थ येतात. त्यांचं नाव ओओएम किलर. रॅम संपली की हे चालू प्रोग्रामांना गुण देतात, आणि ज्याने सगळ्यात जास्त जागा व्यापली असेल त्याला ठार करतात. मरणाऱ्याला बोलायची संधी नसते. हा असा आदेश आहे की प्रोग्राम त्याला अडवू शकत नाही, फाइल सेव्ह करू शकत नाही, राम म्हणू शकत नाही. शेवटचा एक बाइट कुणी मागितला याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. एवढासा प्रोग्राम पाय ठेवायला जागा मागतो आणि तीन महिने निमूट काम करणारा डेटाबेस मरतो, कारण तो मोठा बागायतदार. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याची अंमलबजावणी अण्णांनी पाहिलेली नाही, पण त्यांच्या वडलांनी सोसली आहे. त्यांनी फक्त विचारलं, वशिला चालतो का. चालतो. प्रत्येक प्रोग्रामला उणे १००० ते अधिक १००० असा एक आकडा लावता येतो. उणे १००० लावलं की त्याच्या केसाला धक्का लागत नाही. “वाटलंच,” अण्णा म्हणाले.

तुकड्यांचा प्रश्न मी काढणार नव्हतो, कारण १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्यावर अण्णा सुरू झाले की जेवण निवतं. पण तो मेमरीतही आहे, आणि तसाच आहे. दिवसभर गट पाडले, परत आले, पुन्हा पाडले की मोकळी जागा भरपूर दिसते पण सगळी चिंधड्यांत. बेरीज एक जीबी, आणि सलग एक मेगाबाइट मागितला तर नवी जमीन काढावी लागते. डग ली यांचा अ‍ॅलोकेटर यावर एकत्रीकरणच करतो: परत आलेल्या मोठ्या गटाच्या मागचा-पुढचा गट मोकळा असेल तर मधला बांध मोडून एक सातबारा. नूथ यांनी बांधावर खूण ठेवली ती यासाठीच, की शेजारी मोकळा आहे का हे बघायला गावभर फिरायला नको. अण्णांनी हे ऐकलं आणि “ह्यात भावाभावाची संमती लागत न्हाई?” एवढंच विचारून उसासा टाकला. जेवण तरीही निवलंच.

आता नवी मंडळी म्हणतात की हे सगळं खटलेबाजीचं जगच नको. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं की त्यांच्या सुरक्षेतल्या भोकांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या भानगडींमुळे असतात. म्हणून रस्ट ही भाषा, २०१५ मध्ये पक्की झालेली. तिच्यात प्रत्येक जागेला एकच मालक. वाचायला उतारा कितीही जणांनी न्यावा, खाडाखोड करायची तर एकट्याने बसायचं, आणि तेव्हा बाकीच्यांनी उतारे परत करायचे. हे जुळत नसेल तर प्रोग्राम तयारच होत नाही. २०२२ च्या डिसेंबरात लिनक्सच्या गाभ्यातही तिचा शिरकाव झाला. खरेदीखताच्या आधीच सर्च रिपोर्ट, असं अण्णांनी तिचं वर्णन केलं आणि लगेच चिंतेत पडले. एवढं चोख काम झालं तर तालुका कोर्टातल्या वकिलांनी काय करायचं? मी म्हणालो, जुन्या सीच्या अब्जावधी ओळी पडल्या आहेत, त्यांची आणि माझी दोघांचीही सोय होईल.

जाता जाता त्यांना सिमसिटीची हकिकत सांगितली. ती जोएल स्पोल्स्की यांनी लिहून ठेवली आहे. विंडोज ३ च्या काळातल्या या खेळात एक खोट होती: परत केलेल्या जागेत तो लगेच पुन्हा डोकावायचा. जुन्या विंडोजमध्ये ती जागा तशीच पडून असे, त्यामुळे बिघडत काही नव्हतं. विंडोज ९५ च्या चाचणीत खेळ बिघडू लागला. मायक्रोसॉफ्टच्या माणसांनी माग काढला, दोष खेळाचा आहे हे पाहिलं, आणि खेळ दुरुस्त करायला न सांगता आपल्याच विंडोजमध्ये एक कलम घातलं: सिमसिटी चालू आहे का बघा, असेल तर परत आलेली जागा लगेच सोडू नका.

“म्हंजे विकलेल्या रानातला ऊस न्यायला सरकारनंच मुदत दिली,” अण्णा म्हणाले. मग त्यांनी विचारलं की हा खेळ नेमका कशाचा. मी सांगितलं: मोकळी जमीन असते, तीत रस्ते आखायचे, प्लॉट पाडायचे, घरं बसवायची, गाव वाढवायचं.

अण्णांनी चष्मा पुसला, खुर्ची माझ्या लॅपटॉपकडे ओढली आणि आवाज बराच खाली आणून विचारलं, “त्यात यनए करावं लागतंय का?”